माझं काम गेलं, मग तिचं

आमच्या भागात सुनेच्या हाती चूल देण्याची एक रीत आहे. लग्नानंतरचं येणं-जाणं आटोपलं, नव्या नवरीचा बुजरेपणा जरा कमी झाला, की एके दिवशी सासू भाकरीची लाकडी काथवट उचलते, सुनेच्या पुढ्यात सरकवते आणि स्वतः ओटीवर जाऊन बसते. कुणी काही बोलत नाही. हळदकुंकू नाही की नारळ नाही. पण त्या दिवसापासून पीठ किती काढायचं, कालवणाला काय करायचं, दारात आलेल्याला चहा द्यायचा की नुसतं पाणी, हे सगळं सून ठरवते. सासू मग मोठी होते आणि हळूहळू म्हातारी होते.

माझ्या सासूने काथवट कधी सरकवलीच नाही. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं, तानसाच्या अंगाला. मी दहावी पास झालेली आणि त्याचा मला भारी तोरा होता. सासर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाकडच्या एका गावात. नवरा दुसऱ्याच्या मालकीची जीप मुरबाड-कल्याण चालवायचा. सासरे आधीच वारलेले. लग्नानंतर वर्षभरात मुलगी झाली, आणि ती रांगायला लागली त्याच सुमाराला मुरबाडच्या एमआयडीसीत विजेच्या बटणांची एक कंपनी बायका भरतेय असं नवरा ऐकून आला. मला जायचं होतं, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. सासूनेच विषय काढला. तिला मी आत्या म्हणायचे, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात.

"तू जा," ती म्हणाली. "पोर मी बघते. चूल माझ्याकडंच राहू दे. मला काय झालंय?"

खरंच तिला काही झालं नव्हतं. पन्नाशीच्या पुढची, काटक बाई. गाय, दोन शेळ्या, खाचराचा भात, डोंगरउतारावरची नाचणी, चूल आणि आता माझी पोर, हे सगळं तिने अंगावर घेतलं आणि वर कधी ऐकवलं नाही. गावात मात्र कुजबुज व्हायचीच. सून पाटावर बसते न् सासू वाढते, असं विहिरीवर कुणी म्हणालं की आत्या कमरेवर हात ठेवून सांगायची, "माझी सून कंपनीत जाते. तुमच्या सुना कुठं जातात?" पुढे कुणाला बोलायला जागाच राहायची नाही.

कंपनीत मी चेकिंगला होते. पट्ट्यावरून आलेलं बटण उचलायचं, दोनदा दाबायचं, आवाज ऐकायचा, उलटं करून पाठ बघायची. चांगलं असेल तर पांढऱ्या क्रेटमध्ये, नसेल तर लाल. काम कंटाळवाणं वाटेल, पण मला त्यात गती होती. या बाईच्या हातून खराब माल सुटत नाही, असं सुपरवायझर सगळ्या लाइनीसमोर म्हणाले तेव्हापासून माझ्या डोक्यात हवाच गेली. कुणाच्या घरी गेले तरी भिंतीवरचं बटण दाबून बघायचे आणि नाक मुरडायचे. नवरा म्हणायचा, हिला देवळात नेली तर घंटा पण उलटी करून बघेल.

संध्याकाळी कंपनीची गाडी फाट्यावर सोडायची. घरी पोचायच्या आत चुलीवर गवती चहा उकळत असायचा. मी पाय पसरून बसायचे आणि आत्या विचारायची, "आज लाल किती झाली गो?" तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण लाल जास्त झाली असं सांगितलं की ती खूश व्हायची. तिच्या मते लाल जास्त म्हणजे सुनेने आज जोरात काम केलं. मीही तिला कधी समजावून सांगितलं नाही, कारण मला तिचं ते खूश होणं आवडायचं.

अशी बरीच वर्षं गेली. मुलगी शाळेत जायला लागली. तिच्या वेण्या आत्या घालायची, तिला ताप आला की ती आत्याच्याच कुशीत जायची. याचं मला वाईट वाटायचं, पण खोटं कशाला बोलू, फार नाही. मी कंपनीतली बाई होते. निळा कोट घातला की मी कुणाची सून, कुणाची बायको, कुणाची आई असण्याआधी चेकिंगवाली असायचे, आणि ते मला मनापासून आवडायचं.

मग एका दिवाळीनंतर गाडी आली नाही. आम्ही बायका फाट्यावर उभ्या होतो, सुट्टीनंतरचा पहिला दिवस म्हणून डब्यांत चकल्या-करंज्या होत्या. ऊन चढलं तेव्हा चालायला लागलो, वाटेत मिळेल त्या जीपला लोंबकळलो आणि कंपनीच्या गेटवर पोचलो. गेटला आतून कुलूप होतं. एक साहेब, ज्यांना आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं, आतल्या बाजूने आले आणि गजांमधून म्हणाले, "काम बंद आहे. सध्या घरी जा, आराम करा. काय ते कळवू." एका बाईने विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, आराम करा ना. मला अजून त्या माणसाचा राग येतो. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे कुणी काही कळवलं नाही. काही बायका युनियनच्या माणसामागे कल्याणला खेपा घालत राहिल्या, थोडेफार पैसे हातात आले असं ऐकलं. मी दोनदा गेले आणि थांबले. मला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. चेकिंगवाली होते ना मी.

घरी बसल्यावर पहिल्यांदा लाज वाटली ती जेवताना. सवयीने मी नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसले आणि आत्याने सवयीने ताट पुढे केलं. घास तोंडाशी नेला आणि वाटलं, आता मी हे कशाबद्दल खातेय? दिवसभर मी काय केलं? भात तोच होता, वाढणारे हात तेच होते, आत्याने काही म्हटलं नव्हतं, नवऱ्याने तर वर बघितलंही नव्हतं. पण मी घास ताटात परत ठेवला. निम्म्यात उठले. आत्या म्हणाली, बरं नाय का गो? मी म्हटलं, भूक नाय.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठले. चूल पेटवली, अंगण झाडलं, बोअरिंगवरून पाणी आणलं, गायीखालचं शेण काढलं. आत्या डोळे चोळत आली तेव्हा चहा तयार होता. ती हसली. "आज सूर्य कुठून उगवला?" मी पेला तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आत्या, आता तुमी आराम करा. लय केलंत."

हे मी मनापासून म्हटलं होतं. इतकी वर्षं तिने माझ्यासाठी हाडं झिजवली, आता मी घरी असताना तिने चुलीपुढे बसायचं म्हणजे लोकांनी मला जोड्याने मारायला हवं, असंच मला वाटत होतं. आणि ते एकटं मलाच नाही, सगळ्या गावाला वाटत होतं. शेजारच्या काकी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "सुटली गो म्हातारी एकदाची." आत्याला म्हातारी म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पण माझं लक्ष "सुटली" या शब्दाकडे होतं. मला शाबासकी मिळाली होती आणि त्या दिवसांत मी शाबासकीची इतकी भुकेली होते की कुठूनही चालली असती.

मग मी सुटलेच. चूल घेतली, गाय घेतली, शेळ्या घेतल्या. पोरीच्या वेण्या घेतल्या. तिला माझ्या घट्ट वेण्या आवडायच्या नाहीत, ती आजीकडे पळायची आणि मी तिला हाताला धरून परत आणायचे. माळ्यावरचं सगळं खाली काढून पुन्हा लावलं. मिठाची बरणी कुठे ठेवायची हे बदललं. आत्या मिठासाठी हात नेहमीच्या जागी न्यायची आणि तिथे हळद असायची. मी सांगायचे, "आत्या, इथं हाय बघा, हे सोपं पडतं." कुणाला सोपं पडतं हे तिने विचारलं नाही. मी घरची लाइन सुधारायला निघाले होते.

तांदूळ निवडायचा तर मी निवडायचे. तिने निवडलेला असेल तर सूप पुन्हा हातात घेऊन बघायचे. खडे सापडायचेच. तिचे डोळे आता तितके राहिले नव्हते, हे मला आधी कुठे माहीत होतं? आधी मी न बघता जेवत होते. खडे तेव्हाही लागत असतील.

भाकरीचा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. मी नदीवर गोधड्या धुवायला गेले होते आणि यायला उशीर झाला. नवरा दुपारचा घरी होता, भुकेला. आत्याने उकड काढून तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मी ओल्या अंगाने आले, टोपली पुढे ओढली आणि एकेक भाकरी उचलून उलटीसुलटी बघायला लागले. खरं सांगते, मी काय करतेय हे मला कळत नव्हतं. हात आपोआप चालत होते. एक कडेला जाड होती, एक करपलेली. त्या दोन मी बाजूला काढल्या आणि म्हटलं, "या शेळीला घालू."

आत्या समोर होती. हातावर पीठ तसंच. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या दोन भाकऱ्यांकडे. नवरा म्हणाला, दे की इकडे, काय झालंय तिला? त्याने करपलेली भाकरी ओढून घेतली आणि खाल्ली. आत्याने हात धुतले आणि बाहेर गेली. त्यानंतर मी घरात असो-नसो, तिने तव्याला हात लावला नाही. मला यायला उशीर झाला तर नवरा चिवडा खाऊन जीपवर जायचा, पण ती उठायची नाही.

मी माफी मागितली का? नाही. सुनेने सासूची भाकरी शेळीला घातली यावर माफी मागायची तर ती कोणत्या शब्दांत मागायची, हेच मला कळलं नाही. मी जास्त काम करायला लागले. अंगण जास्त झाडलं, तिचे पाय चेपले, तिच्यासाठी मुरबाडच्या बाजारातून मऊ चप्पल आणली. तिने चप्पल घातली. पायही चेपून घेतले. पण अंग सैल सोडलं नाही, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी बसून राहिली.

मग ती दिवसा दिसेनाशी झाली. पहिल्यांदा मला वाटलं, बसते कुठे गप्पा मारत. एकदा पोरीला बोलवायला पाठवली तर पोरगी सांगत आली, आजी त्या खालच्या घरात वाल सोलतेय. दुसऱ्या दिवशी कुणाच्या ओटीवर नाचणी पाखडत होती. कुणाचं बाळ न्हाऊ घालत होती, कुणाच्या भिंती सारवत होती. पैसे नाहीत, काही नाही. नुसती विचारायची, "काय काम हाय का गो?" आणि कामाला लागायची.

झालं, गावाच्या जिभेला हाड कुठे असतं? काकी मला म्हणाल्या, "सासूला जेवाय घालतेस ना गो? नाय, ती दारोदार फिरते म्हणून इचारलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक खालच्या घरी गेले. आत्या परसात कोंबड्यांचं खुराडं साफ करत होती, दुसऱ्याच्या कोंबड्यांचं.

"घरी चला," मी म्हटलं. "लोक तोंडात शेण घालतात माझ्या."

ती उठली नाही. "घरी जाऊन काय करू?"

"बसा. आराम करा."

"बसले होते," ती म्हणाली. "दोन महिने बसले. आता बसवत नाय गो." आणि पुन्हा खुराड्यात वाकली. आवाज चढवला नाही. मला तिने चारचौघींत झापलं असतं तर मी घरी येऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. ते तिने होऊ दिलं नाही. मी एकटीच परत आले आणि रिकाम्या घरात भांडी घासत बसले, घासलेलीच.

त्याच सुमाराला मी पुन्हा एमआयडीसीत फिरायला लागले होते. गेटवर जायचं, वॉचमनला विचारायचं, काम आहे का. एका ठिकाणी आतल्या बाईंनी वय विचारलं आणि म्हणाल्या, आम्हाला विशीतल्या मुली हव्यात. मी म्हटलं, मी चेकिंगला होते, माझ्या हातून खराब माल सुटत नाही. त्या हसल्या. वाईट नव्हत्या हसल्या, पण मला कळलं की ते वाक्य आता जगात फक्त मलाच पाठ आहे. माहेरी गेले तरी तेच. किन्हवलीमार्गे एसटीने शहापूरला उतरले की ओळखीचं कुणीतरी विचारायचं, कंपनीला सुट्टी का? मी हो म्हणायचे. वडीलही तसंच सांगायचे. एकदा तर मी समोर बसलेली असताना त्यांनी पाहुण्याला सांगितलं, मुलगी कंपनीत आहे. मी चहाचे कप गोळा करून आत गेले.

एका संध्याकाळी मी अशीच गेटवरून परत आले होते. वैतागलेली, पाय भरून आलेले. आत्या ओटीवर होती. ती उठली, आतल्या दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबून म्हणाली, "चहा ठेवू का गो? चालेल का?"

स्वतःच्या घरात. जी चूल तिने स्वतः माती मळून घातली होती, तिच्यावर चहा ठेवायला ती मला विचारत होती. आणि तो आवाज मला ओळखीचा होता. तासाभरापूर्वी मी तोच आवाज काढून वॉचमनशी बोलले होते. तोपर्यंत मला वाटत होतं की काम एकटीचं, माझंच गेलंय, आणि बाकी घराने मला सांभाळून घ्यायला हवं. पण हिचं काम तर मीच काढून घेतलं होतं. मला निदान गजाआडच्या त्या साहेबाचा राग तरी करता येत होता. तिने कुणाचा करायचा? सून गुणाची निघाली, असं सगळं गाव म्हणत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक मूर्खपणा केला. आत्या चुलीजवळ शेकत बसली होती. मी काथवट उचलली आणि तिच्या पुढ्यात सरकवली. तोंडाने काही म्हणायला मला जमलंच नाही. मला वाटलं, तिला कळेल. तिला कळलंच. ती काथवटीकडे बघत राहिली, मग एका हाताने ती माझ्याकडे परत लोटली.

"उलटी रीत कुठं असते का गो," ती म्हणाली. "सून घरात असताना सासूनं भाकऱ्या भाजल्या तर माणसं तुलाच नावं ठेवतील. तुझं तुझ्याकडं राहू दे." आणि शालीत हात घालून बाहेर गेली. तिच्या बोलण्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला. टोमणा नव्हता.

त्या वर्षी शाळेत खिचडी सुरू झाली. आधी पोरांना महिन्याचा तांदूळ घरी मिळायचा, आता शाळेतच शिजवून द्यायचं ठरलं. गुरुजींना गावातली एक बाई हवी होती. मानधन म्हणावं तर हसू येईल इतकं. पण रोज ठरलेल्या वेळेला जायचं, कुणीतरी वाट बघणार, आणि बाई आली नाही तर पोरं उपाशी राहणार. मला तेवढंच हवं होतं. बातमी कळली तेव्हा मी हातातली बादली तिथेच ठेवून शाळेकडे निघाले, केससुद्धा विंचरले नाहीत.

वाटेत माझ्या मनात हिशेब पक्का होता. मी शाळेत गेले की चूल आपोआप आत्याकडे. सून कामावर, सासू चुलीवर, पूर्वीसारखं. कुणी नाव ठेवणार नाही. हे मी तिच्यासाठीच करतेय असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की शाळेच्या पायरीवर पोचेपर्यंत मला ते खरं वाटायला लागलं होतं.

गुरुजी व्हरांड्यात होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. काल तुमच्या सासूबाई येऊन गेल्या."

मला वाटलं, माझ्यासाठी शब्द टाकायला आली असेल.

"स्वतःसाठी विचारत होत्या," गुरुजी म्हणाले. "मला घ्या म्हणाल्या. सकाळी लवकर येईन, भांडी पण घासीन. बराच वेळ बसल्या होत्या. मी म्हटलं, आजी, घरात शिकलेली सून मोकळी असताना तुम्ही कशाला त्रास घेता? तिलाच पाठवा. तशा उठून गेल्या." मग त्यांनी विचारलं, "तर तुम्ही याल ना?"

आत्या काल संध्याकाळी घरी आली होती. आम्ही एकत्र जेवलो होतो. तिने मला पाठवलं तर नव्हतंच, शाळेचं नावही काढलं नव्हतं. मला ही बातमी काकींकडून कळली. त्या व्हरांड्यात मला सगळं स्वच्छ दिसत होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की गुरुजी, त्यांनाच घ्या, त्यांना जमेल, मी घरचं बघते. गुरुजींनी ऐकलं असतं. भले माणूस होते ते. गावाने आठ दिवस मला नावं ठेवली असती आणि विसरलं असतं.

मी म्हटलं, "उद्यापासून येते."

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती शेंगा फोडत होती, आमच्याच, मी बोलत असतानाही तिचे हात थांबले नाहीत. "बरं झालं," ती म्हणाली. "घरी बसून तू सुकत चालली होतीस." दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा चूल पेटलेली होती. भाकऱ्या झाल्या होत्या, पोरीच्या वेण्या झाल्या होत्या, मीठ जुन्या जागी गेलं होतं. मी काही बघितलं नाही, तपासलं नाही, मान खाली घालून खाल्लं आणि गेले. सगळं पूर्वीसारखं झालं. विहिरीवर ती सांगायची, माझी सून शाळेत कामाला आहे. मी ते कानांनी ऐकलंय. पण कमरेवर हात ठेवून नाही म्हणायची, कुणी विचारलं तर नुसतं सांगायची.

गुरुजींनी मला सांगितलंय हे मी तिला कधी कळू दिलं नाही. तिनेही कधी ताकास तूर लागू दिली नाही. चारेक वर्षं आम्ही दोघी एका घरात हे असं मनात ठेवून राहिलो.

मग तिचे गुडघे गेले. चुलीशी बसणं-उठणं होईना. मी सकाळी स्वयंपाक करून शाळेत जायचे आणि उरलेली खिचडी असली तर डब्यातून तिच्यासाठी आणायचे. एका दुपारी ती ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मी डबा उघडून दिला. तिने चार बोटांनी घास घेतला, चावला, दुसरा घेतला.

"मी असते तर..." ती म्हणाली आणि थांबली.

मी विचारलं, "काय आत्या?"

"काय नाय," ती म्हणाली. "चांगली झालीय." आणि माझ्याकडे न बघता खात राहिली.

त्या क्षणी सुद्धा मला सांगता आलं असतं, शाळेत चला माझ्याबरोबर. गुडघे गेले म्हणून काय झालं, मीठ-मसाला सांगायला ती शाळेच्या पायरीवर बसू शकली असती, मी ढवळलं असतं, पोरांनी तिला खिचडीवाली आजी म्हटलं असतं. गुरुजी नाही म्हणाले नसते. मी हे सगळं तिच्यासमोर उभं राहून विचारात घेतलं. आणि मला त्या मोठ्या पातेल्याशेजारी दुसरं कुणी नको होतं. बाई आल्या, बाई आल्या म्हणून पोरं धावत यायची ती माझ्याकडे. कंपनी गेल्यावर मी काही महिने कुणीच नव्हते, आणि ते काय असतं हे मला माहीत होतं. आमच्या घरात आता ते कुणीच नसणं एकीच्या वाट्याला राहणारच होतं. मी ते तिच्याकडे राहू दिलं आणि तिचं खाऊन होईपर्यंत डब्याचं झाकण हातात धरून बसले.